हात पोचतो का?

नाशिकच्या भांडीबाजारात पितळेचा गंज किंवा तांब्याची कळशी घ्यायला आलेली जुन्या वळणाची बाई आधी किंमत विचारत नाही. ती भांडं टिचकी मारून वाजवते, उजेडाकडे धरून आत बघते आणि मग सरळ हात आत घालते. बोटं बुडापर्यंत पोचली, काठाखालच्या वळणातून नीट फिरली, तर पुढची बोलणी. नाही पोचली, तर दुकानदाराने कितीही गुण गायले तरी भांडं पुन्हा फळीवर. घरी गेल्यावर चिंच घेऊन त्या भांड्याशी झुंजायचं कोणी, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एका आजींचं बालपण याच बाजाराच्या आसपास, तांबटांच्या ठोक्यांच्या आवाजात गेलं. सत्तरी जवळ आली, वाडा जाऊन फ्लॅट आला, पितळ माळ्यावर चढलं आणि ओट्यावर स्टील आलं, पण आधी हात आत घालायची सवय गेली नाही. त्यांच्या नातीच्या खुर्चीचा निकाल शेवटी त्या सवयीनेच लावला.

गेल्या हिवाळ्यात नातीचं उष्टावण झालं. मुलीसाठी विषम महिना धरायची घरची रीत, म्हणून सातवा लागल्यावर. मामाने मांडीवर घेऊन सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. तिने ती चाटली, तोंड वाकडं केलं आणि मग अंगठीच गिळायला निघाली. इथे रूढी आणि शास्त्र यांचं भांडण नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या मार्गदर्शक सूचनाही सहा महिने, म्हणजे 180 दिवस झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने वरचं अन्न सुरू करा, असंच सांगतात. भांडणाचं मूळ होतं ते मामाने आणलेल्या दुसऱ्या भेटीत.

ती भेट म्हणजे बाळाला जेवायला बसवायची उंच खुर्ची. खुर्ची कसली, सिंहासनच. सात उंच्यांवर लागणारी, पाठ तीन कोनांत झुकणारी, खाली चाकं, चाकांच्या वर खेळण्यांची जाळी, पुढे एकावर एक असे दोन ट्रे, आणि सगळ्या अंगाला जिराफांच्या चित्रांची जाड, शिवलेली गादी. खोका उघडून जोडणी करायला बाळाच्या बाबाला आणि आजोबांना मिळून दोन तास लागले. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजतागायत कळलेलं नाही.

सुनेला वाटलं होतं, सासूबाई नाक मुरडतील. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही, हे वाक्य ऐकायची तयारी तिने करून ठेवली होती. पण आजींनी खुर्चीचं मनापासून स्वागत केलं. कारण त्यांचे गुडघे. सुनेची रजा संपून ऑफिस सुरू होणार होतं, दुपारचं भरवणं आजींकडे येणार होतं, आणि बाळाला मांडीवर घ्यायचं तर आधी मांडी घालता यायला हवी. ती त्यांना दोन वर्षांपासून घालता येत नव्हती. बाळाच्या उंच खुर्चीची जाहिरात करणारे नेहमी गोंडस बाळ दाखवतात. निम्म्या घरांत ती खुर्ची आजीच्या गुडघ्यांसाठी घेतलेली असते, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे.

एरवी मांडी ही काही वाईट खुर्ची नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मूल आईच्या किंवा आजीच्या मांडीवर आडवं-उभं होत जेवलं. बोंडल्याने दूध, वाटीतून मऊ भात, मग चिऊकाऊच्या नावाने घास. सांडलं की पदराने पुसायचं, आणि पदर संध्याकाळी धुण्यात. जरा मोठं झालं की पाटावर. मांडीला सांधे असतात, पण फटी नसतात. धुण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही. युरोपात मात्र जेवण जमिनीवरून टेबलावर फार पूर्वी चढलं. टेबलाची उंची साधारण 75 सेंटिमीटर, मग मुलाला तिथवर न्यायचं तर त्याची बैठक उचलणं भाग. सतराव्या शतकातल्या इंग्रजी घडणीच्या अशा लाकडी उंच खुर्च्या संग्रहालयांत टिकून आहेत. आपल्याकडे टेबल मध्यमवर्गाच्या घरात शिरलं ते अलीकडे, आणि त्याच्या मागोमाग ही खुर्चीही आली. मात्र ती घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाजराचा लगदा आणि उकडलेला बटाटा होता. वरणभात नव्हता.

हा फरक बारीक वाटतो. तो मोठा का आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर साजूक तूप. बाळाने पहिला घास खाल्ला, दुसरा थुंकला, तिसरा मुठीत धरून ट्रेवर फासला. पुसल्यावर तिथे पिवळा पंजा उमटलेला. सुनेने साबण लावला, तर पंजा लालसर झाला. ती घाबरली. आजी हसल्या. हळदीच्या साडीला साबण लावून पाहिलेल्या कोणत्याही बाईला हा लाल रंग ओळखीचा आहे. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी साबणाने लाल होतं आणि धुतल्यावर पुन्हा पिवळं होऊन बसतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळतं. म्हणजे आपण खिचडीवर तूप सोडतो तेव्हा डागाला वाहनच देतो, आणि ते वाहन प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात घुसतं. पांढरी किंवा फिकट खुर्ची हळदीच्या देशात विकायला आणणाऱ्याने आपल्या घरी एकदा तरी वरण सांडून पाहायला हवं होतं.

कर्क्युमिनचा एक शत्रू मात्र आपल्याकडे फुकट आहे, तो म्हणजे ऊन. उजेडात हे द्रव्य मोडतं आणि रंग उडतो. म्हणूनच जुन्या बायका हळदीचा डाग पडलेलं कापड धुऊन कडक उन्हात टाकत. आजींनी ट्रे गॅलरीत उन्हाला लावला आणि दोन दुपारींत पंजा फिकट झाला. गादीचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

गादीवर ‘धुता येते’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खरंही होतं. ती निघायची, पण चौदा बटणं आणि पाच पट्ट्यांच्या खाचा सोडवल्यावर. हाताने धुवायची, मशीनमध्ये नाही. वाळायला डिसेंबरच्या नाशिकात दोन दिवस. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात यायची ते दिवस, गॅलरीत कपडेसुद्धा गारठून बसायचे. तोवर खुर्चीचा उघडा सांगाडा, त्यावर बाळ बसवता येत नाही, म्हणून पुन्हा मांडी. मग गादी रोज धुवायच्या ऐवजी पुसली जाऊ लागली, रोज पुसायच्या ऐवजी एक दिवसाआड.

तिसऱ्या आठवड्यात मुंग्या लागल्या. लाल, बारीक. भिंतीवरून खुर्चीच्या पायाला, पायावरून जाळीला, तिथून गादीच्या कडेच्या गोटाच्या शिवणीत. आजींनी शिवण उसवून पाहिली तर आत नाचणीसत्त्व सिमेंटसारखं घट्ट बसलेलं. दोन ट्रेंच्या मधल्या फटीत आंबट वासाचं पाणी. पाठ झुकवायच्या खटक्यामागे भाताची शितं. सून रडवेली झाली. दोष तिचा नव्हता. जिथे बोट शिरत नाही तिथे शीत शिरतं, आणि घडवणाऱ्याने अशा पंचवीस-तीस जागा शोभेसाठी आणि सोयीसाठी राखून ठेवल्या होत्या.

“अगं, याला हात कुठे पोचतोय?” आजी म्हणाल्या.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती जास्त गंभीर. पट्टे. अशा चांगल्या खुर्चीला पाच टोकांचा पट्टा असतो: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक दोन पायांच्या मधून. मधला पट्टा सगळ्यात महत्त्वाचा, कारण मूल पुढे घसरून ट्रेखाली निसटतं ते त्याच्या अभावी. आणि सगळ्यात घाण होतो तोही तोच. सुनेने पट्टे काढून भिजवले, वाळवले, आणि पुन्हा ओवायला बसली तर खाचांचं गणित जमेना. संध्याकाळ झाली, बाळाला भूक लागली. पट्टे ड्रॉवरमध्ये गेले. राहू दे, ट्रे आहे की पुढे, असं कोणीतरी म्हणालं. चार दिवसांनी बाळ ट्रेवर दोन्ही हात टेकून उभं राहायच्या बेतात होतं तेव्हा आजोबांनी पकडलं.

ट्रे हा कठडा नव्हे. अमेरिकेतल्या 2003 ते 2010 या काळातल्या इस्पितळांच्या नोंदींचा एक अभ्यास आहे. उंच खुर्च्यांमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात येणाऱ्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची संख्या दर वर्षाला सरासरी 9,400हून अधिक निघाली, म्हणजे तासाला एकापेक्षा थोडी जास्त. त्यातल्या 93 टक्के घटना पडण्याच्या. पडण्याआधी मूल काय करत होतं हे जिथे नोंदलेलं होतं, तिथे सुमारे दोन तृतीयांश मुलं खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत होती. म्हणजे पट्टा नव्हता, किंवा होता आणि बांधलेला नव्हता, किंवा त्यातून मूल निसटलं. तो का बांधलेला नव्हता, हे नोंदींतून कळत नाही. कॉलेज रोडच्या या घरातलं कारण मात्र माहीत आहे: तो धुतला गेला होता. साफ करायला अवघड वस्तू हळूहळू धोक्याची होत जाते. आपण तिचे अवघड भाग एकेक करून बाजूला ठेवतो, आणि नेमके तेच भाग मुलाला धरून ठेवणारे असतात.

फेब्रुवारीत आजी आणि सून दुसरी खुर्ची बघायला निघाल्या. आधी मेन रोड, मग शालिमार, मग घराजवळचीच दोन दुकानं. सुनेच्या मोबाइलमध्ये यादी होती. आजींच्या हातात काही नव्हतं, हातच होता. विक्रेता खुर्ची फिरवून दाखवायचा, घडी करून दाखवायचा, चाकं पळवायचा. आजी म्हणायच्या, “उलटी करा.” उलट्या खुर्चीच्या पोटात त्या अंगठा फिरवायच्या. बैठक आणि पाठ जिथे मिळते तो कोपरा, ट्रेची खालची पन्हळ, पट्ट्याची खाच. “हे निघतं का?” “मॅडम, ते कशाला काढायचं?” या उत्तरावर त्या पुढच्या खुर्चीकडे वळायच्या.

लाकडी खुर्ची त्यांना आधी आवडली होती. सागवान म्हटलं की त्या पिढीचा हात आपोआप पुढे होतो. पण त्याच महिन्यात एका रविवारी सगळे मिसळ खायला गेले, तिथे हॉटेलवाल्याने बाळासाठी लाकडी खुर्ची आणून ठेवली, आणि तिच्या दांड्यांच्या सांध्यांत आधीच्या कितीतरी बाळांची जेवणं काळी होऊन बसलेली दिसली. पॉलिश उडालेलं लाकूड तेल पितं. तर्रीच्या शेजारी हे आणखीच ठळक दिसत होतं. त्या दिवशी बाळ बाबाच्या मांडीवर बसलं आणि पावाचा मऊ भाग चघळत राहिलं.

लाकडाला न्याय द्यायचा तर नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांचं नाव घ्यायला हवं. स्टोके या कंपनीसाठी त्यांनी 1972 साली ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची आखली. आपला लहानगा मुलगा टेबलाशी बसतो, पण त्याचे पाय हवेत लोंबकळतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी बैठक आणि पाय टेकायची फळी या दोन्ही खाली-वर सरकणाऱ्या केल्या, म्हणजे मूल वाढेल तशी खुर्ची वाढेल. तळव्यांना आधार मिळाला की मूल स्थिर बसतं, वळवळ कमी होते, घास गिळण्याकडे लक्ष राहतं. दोन सपाट फळ्या असल्याने पुसायलाही सोपी. किंमत मात्र नाशिकच्या नोकरदार घराला विचार करायला लावणारी.

दुसऱ्या टोकाला स्वीडनच्या आयकियाची ‘अँटिलोप’. पॉलिप्रॉपिलीनची एकसंध साच्यातली बैठक, चार स्टीलचे पाय, एक ट्रे, एक पट्टा, संपलं. गादी नाही, चाकं नाहीत, खटका नाही. आयकियाचं भारतातलं पहिलं दालन 2018च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला उघडलं, आणि 2020च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला. तेव्हापासून नाशिककरांच्या मुंबईफेऱ्यांतून अशी चार पायांची बोडकी खुर्ची गाडीच्या डिकीत बसून कसारा घाट चढू लागली. तिच्या धाटणीच्या खुर्च्या आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. तिचा उणेपणा एकच, तो ऑप्सविकना आधी दिसला होता: पाय टेकायला काही नाही.

तिसरा एक रस्ताही आहे, आणि तो या भूमीला परका नाही. मूल वर उचलायचंच कशाला, टेबलच खाली आणा. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं आणि तिथे मुलांच्या मापाच्या हलक्या, मुलांना स्वतः हलवता आणि धुता येतील अशा टेबल-खुर्च्या आणल्या. 1939 साली त्या भारतात आल्या, पण त्याच्या कितीतरी आधीच ताराबाई मोडक त्यांच्या विचारांनी बालमंदिर चालवत होत्या. बोर्डीत 1945पासून, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी विलायती साहित्याच्या जागी माती, बिया, बांबू अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. त्या नजरेने पाहिलं तर बुटका पाट, समोर छोटा चौरंग आणि स्टीलची ताटली याहून स्वस्त आणि धुवायला सोपी बैठक नाही. पडायची उंची शून्य. मूल स्वतः नीट बसू लागलं की हे उत्तम. सुनेने हे सुचवलंही. आजींनी फक्त आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

(पांगुळगाड्याचा विषय आजोबांनी मध्येच काढला, तो इथेच संपवू. तीन चाकांचा, मागून ढकलत चालायचा लाकडी पांगुळगाडा वेगळा आणि मूल आत अडकवून पळवणारा चाकांचा वॉकर वेगळा. दुसऱ्यावर कॅनडाने 2004 साली बंदी घातली, विक्रीवर आणि आयातीवरही. खुर्चीला चाकं नकोत, असं आजी म्हणाल्या तेव्हा त्यांना कॅनडा ठाऊक नव्हता.)

शेवटी खुर्ची दुकानातून आलीच नाही. सोसायटीतल्या एका घरातलं मूल मोठं होऊन शाळेत जाऊ लागलं होतं, त्यांच्याकडची बोडक्या धाटणीची, साच्यातली, राखाडी रंगाची. आजींनी ती उलटी केली, अंगठा फिरवला, ट्रे खटकन काढून आपल्या बेसिनमध्ये आडवा मावतो का ते पाहिलं. मावला. सबंध खुर्ची एका हाताने उचलून बाथरूमच्या अडीच फुटी दारातून आत नेली. गेली. पट्टा तीन खाचांतून निघत होता आणि त्याच तीन खाचांतून, चष्मा न लावता, परत बसत होता. बांधून, ओढून, दोनदा तपासला. पायांच्या टोकांची रबरी बुचं शाबूत होती. ती सैल झाली की पोकळ नळीत पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो, हे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांचं ज्ञान. पाय टेकायची फळीही त्यांनीच केली, पुढच्या दोन पायांना आडवी, रबरी कड्यांनी आवळलेली. आजींनी तिची खालची बाजू घासून घ्यायला लावली, कड गोल होईपर्यंत.

आता दुपारी जेवण झालं की खुर्ची बाथरूममध्ये जाते. वाळायच्या आत कोमट पाण्याचा एक तांब्या, म्हणजे तूप सुटतं आणि भाताची शितं फुगून निघतात. मग साधा भांड्यांचा साबण, आणखी एक तांब्या, आणि पालथी करून निथळायला. सगळं मिळून पाच मिनिटं. मुंग्या आल्या नाहीत.

मार्चमध्ये द्राक्षं आली. नाशिकात या दिवसांत घरात द्राक्षं विकत आणावी लागत नाहीत, ती येतात. दिंडोरीहून, पिंपळगावहून, कोणाच्या मळ्यातून, कोणाच्या गाडीतून. आणि आलेला प्रत्येक जण खुर्चीत बसलेल्या बाळाकडे एक टपोरं द्राक्ष घेऊन झुकतो. इथे मात्र आजी कडक आहेत. गोल, गुळगुळीत, मऊ सालीचं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेवर बुचासारखं बसतं. स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमधल्या डॉक्टरांनी 2016 साली अशा तीन मुलांच्या घटना एका वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या, तिघंही पाच वर्षांची किंवा त्याहून लहान, त्यातली दोन वाचली नाहीत. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्यायचं, मूल ताठ बसलेलं असताना, समोर मोठं माणूस असताना. द्राक्षांच्या जिल्ह्यात हे सांगायला आजींना जरा जड जातं, पण त्या चाकू घेऊनच बसतात. फोडींचा रस ट्रेवर चिकट वाळतो, तोही कोमट पाण्याने निघतो.

एप्रिलमध्ये गच्चीवर वाळवणं पडली. एका प्लॅस्टिकवर कुरडया, दुसऱ्यावर साबुदाण्याच्या पापड्या, आणि त्यांच्या शेजारी, ओळीत, खुर्चीचा राखाडी ट्रे. वरच्या मजल्यावरच्या बाई कुरडयांवरून कावळा हाकलायला आल्या आणि विचारू लागल्या, यात काय घातलंय? आजी म्हणाल्या, “काही नाही, वरण वाळत घातलंय.” त्यांनी ट्रे उजेडात तिरका धरून पाहिला. पिवळी बोटं अजून पुसट दिसत होती, अंगठा गेला होता. त्यांनी बाजू बदलून तो पुन्हा उन्हात ठेवला.

खाली फोन वाजत होता. मामा रविवारी येतोय म्हणे. जिराफांच्या सिंहासनावर गेले दोन महिने इस्त्रीचे कपडे बसलेले असतात. सून ते उचलायला लागली.